कोहा ओपॅक, काही महिन्यांच्या वापरानंतर: ‘खान्देश’ शोधला तर ‘खानदेश’ का सापडत नाही?

जळगाव जिल्ह्यातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने कार्डांची तालिका बंद करून कोहा या मुक्त ग्रंथालय-प्रणालीवरचा ओपॅक, म्हणजे ऑनलाइन ग्रंथतालिका, वाचकांना खुला केला, त्याला आता बरेच महिने झाले. वाचकांच्या शोधवर्तनावर संशोधन करत असल्याने मी तो जवळजवळ रोज वापरतो. पुस्तक राखून ठेवणे, स्वतःच्या याद्या करणे या सोयी उत्तम चालतात. पुस्तक जागेवर आहे की नाही हे एसटीचे भाडे न खर्चता अमळनेरात बसून कळते, याचेही मोल मोठे आहे. मला लिहायचे आहे ते शोधाबद्दल.

‘खान्देश’ लिहिले की एक यादी येते आणि ‘खानदेश’ लिहिले की दुसरीच. आपल्याकडे दोन्ही रूपे सर्रास चालतात. त्यातच जुन्या ग्रंथांच्या शीर्षकपृष्ठावर ‘खानदेशांतील’ असा अनुच्चारित अनुस्वार असतो, जो १९६२ च्या लेखननियमांनी वगळला. तालिकाकाराने शीर्षक छापले आहे तसेच उतरवले, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचकाने वेगळे रूप लिहिले की ग्रंथ कपाटात असूनही पडद्यावर काहीच येत नाही.

ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांच्या इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथील चाचण्यांपासून शोधप्रणालीची पारख प्रिसिजन (सापडलेल्या नोंदींपैकी उपयोगी किती) आणि रिकॉल (उपयोगी नोंदींपैकी सापडल्या किती) या दोन मापांनी होत आली आहे. प्रिसिजन कमी असेल तर निरुपयोगी नोंदी समोर दिसतात आणि वाचक त्या वगळतो. रिकॉल कमी असेल तर काय हुकले हे कळण्याचा मार्गच वाचकापाशी नसतो. ‘या विषयावर साहित्य उपलब्ध नाही’ असे विद्यार्थी प्रबंधात लिहितो आणि पुढचा संशोधक त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून इतर सर्व सोयींपेक्षा या एका त्रुटीला मी अधिक महत्त्व देतो.

सुरुवातीला हा दोष प्रणालीचाच वाटत होता. कार्यपुस्तिका वाचल्यावर माझे मत बदलले. देखभालीचे वार्षिक शुल्क घेणाऱ्या पुरवठादाराचे म्हणणे असे, की देवनागरीसाठी आयसीयू या युनिकोड लिप्या हाताळणाऱ्या संगणकीय साधनाचे अनुक्रमण (शोधासाठी शब्दांची सूची करणे) चालू करून दिल्याने त्याचे काम पूर्ण झाले. आयसीयू अक्षरांचे संकेतन आणि शब्दांची तोड सांभाळते. एकाच नावाची दोन लेखनरूपे एक मानणे हे तिचे काम नव्हे. ते काम प्राधिकृत नोंदीचे, म्हणजे नावाचे एक मान्य रूप ठरवून पर्यायी रूपे त्याला जोडणाऱ्या नोंदीचे आहे. मार्क २१ या नोंदींच्या प्रमाणित आराखड्यात १५१ या क्षेत्रात मान्य रूप म्हणून ‘खान्देश’ आणि ४५१ मध्ये पर्यायी रूप म्हणून ‘खानदेश’ नोंदवायचे, ग्रंथनोंदीतील ६५१ हे स्थलशीर्षक त्याला जोडायचे आणि पर्यायी रूपेही शोधात घेण्याची कोहातील निवड चालू करून अनुक्रमण पुन्हा करायचे. जी सोय प्रणालीत आधीच विनामूल्य आहे, तिच्यासाठी पुरवठादाराने जादा शुल्क मागावे, याचा मला मनस्वी संताप आला. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाने ते का द्यावे?

अखेर ग्रंथपाल बाईंनीच हे काम हाती घेतले. जोडलेल्या नोंदी आता कोणत्याही रूपाने शोधल्या तरी सापडतात, आणि ज्या ग्रंथांची कल्पनाही नव्हती असे काही ग्रंथ त्यांत निघाले, याचा आनंद फार मोठा आहे. तरी काम बरेच उरले आहे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. ही जुनी-नवी नावे ५५१ या संबंधित स्थलनामांच्या क्षेत्रात परस्परांशी जोडल्याशिवाय ‘नंदुरबार’ शोधणारा वाचक ‘पश्चिम खानदेश’ या शीर्षकाखालील साहित्यापर्यंत पोहोचणार नाही.

तोवर प्रगत शोधात दोन्ही रूपे ‘किंवा’च्या पर्यायाने जोडावीत आणि प्रत्येकाच्या शेवटी तारांकन (*) द्यावे, म्हणजे ‘खान्देशातील’, ‘खानदेशांतील’ अशी विभक्तीची रूपेही हाती लागतात. धुळे-नंदुरबारकडील ज्या वाचनालयांत कोहा आहे, तेथील वाचकांनी आपल्या ग्रंथपालांकडे या नोंदींची मागणी जरूर करावी. आमच्याकडे आता ‘अहिराणी’ आणि ‘अहिरानी’ एकत्र आणण्याचे काम सुरू झाले आहे.