मोफत जोडणी, १४,३६१ रुपये: वाडीतल्या फायबरचा अकरा महिन्यांचा अनुभव

कुडाळपासून २२ किलोमीटरवर आमची वाडी. मी हिशेबनीस आहे, लहान दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरून देतो. मुंबईतलं काम आटोपतं घेऊन गावी आलो तेव्हा घराला इंटरनेट ही चैन नव्हती, पोटापाण्याची सोय होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये फायबरची जोडणी घेतली. पुढच्या महिन्यात वर्ष होईल. माझ्यासारखे वाडीत, रस्त्यापासून आत राहणारे जे कोणी जोडणी घ्यायच्या विचारात असतील त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चार गावांत चौकशी केली तर कंपनी वेगळी असली तरी कहाणी हीच निघाली.

तिठ्यावर बोर्ड होता: महिना ५९९, वेग ५० एमबीपीएस, इन्स्टॉलेशन मोफत. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. ३,५९४ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२४१ रुपये. ते ऑनलाइन भरले, रीतसर बिल आलं. इथपर्यंत सगळं चोख.

तीन दिवसांनी केबल टाकायला मुलगा आला. त्याने आधी घर पाहिलं, मग मागे वळून देवळाजवळच्या खांबाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, पेटी थंय आसा. थंयसून दीडशे मीटर फुकट, फुडचे मीटरवर लागतले." ही दीडशे मीटरची अट बोर्डावर नव्हती, ऑनलाइन फॉर्मवरही मला दिसली नव्हती. शहरात खांब इमारतीच्या दारात असतो, तिथे ही अट कोणाला कधी कळतच नाही. कोकणातली वाडी म्हणजे एक घर इथे, दुसरं व्हाळापलीकडे. आमच्याकडे दीडशे मीटरमध्ये बसणारी घरं मोजून सहा.

त्याने अंतर धरलं ४३० मीटर. वरचे २८० मीटर, १४ रुपयांनी ३,९२०. मध्ये आधाराला तीन लोखंडी पाइप, प्रत्येकी ९००, म्हणजे २,७००. घरातल्या फायबरच्या डब्याचे, म्हणजे ओएनटीचे, २,५००. मजुरी १,०००. एकूण १०,१२० रुपये. हे पैसे कंपनीच्या खात्यावर नाही, स्थानिक फ्रँचायझीवाल्याच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने पाठवायचे. पावती मागितली तर वहीचा कागद फाडून त्यावर चार आकडे लिहून दिले. त्यावर ना शिक्का, ना जीएसटी नंबर. मी दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढतो आणि तो कागद घेऊन गप्प बसलो, कारण सहा महिन्यांचे पैसे आधीच अडकले होते आणि मुलगा शिडी लावून उभा होता. हे चूकच झालं. पैसे आगाऊ घेऊन मग खर्च सांगायचा, ही पद्धत माणसाला असंच कोंडीत पकडते.

ओएनटीचं तर आणखी वेगळं. २,५०० रुपये मोजले, पण डब्याच्या पाठीमागच्या स्टिकरवर लिहिलंय की हे उपकरण कंपनीच्या मालकीचं आहे. कॉल सेंटरला विचारलं तर म्हणाले, जोडणी बंद करताना परत द्यावं लागेल. मग पैसे कशाचे? अनामत असेल तर परत मिळायला हवी, विक्री असेल तर बिल हवं. अकरा महिन्यांत याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

हिवाळा उत्तम गेला, हे प्रामाणिकपणे सांगतो. ४६-४८ एमबीपीएस वेग मिळायचा, पोर्टल झटकन उघडायचं, मुलीचे क्लास अडखळत नव्हते. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर डबा चालतो. डिसेंबर ते एप्रिल एकही तक्रार केली नाही. त्या पाच महिन्यांवर कोणी मत विचारलं असतं तर मी पाचपैकी साडेचार दिले असते. म्हणूनच सांगतो, कोकणात पावसाळा काढल्याशिवाय कुठल्याही जोडणीबद्दल मत देऊ नये.

२०२५ मध्ये मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला. २६ तारखेला दुपारी आंब्याची फांदी मोडली आणि केबल घेऊन खाली आली. पाइप तीन लावले असले तरी मधली जवळजवळ ऐंशी मीटर केबल झाडांवरूनच नेली होती. डब्यावर लाल दिवा लुकलुकू लागला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, ४८ तासांत काम होईल म्हणाले. दोन दिवसांनी एसएमएस आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. केबल अंगणात चिखलात पडलेली आणि तक्रार बंद! पुन्हा फोन केला तर म्हणे जुना नंबर बंद झालाय, नवीन तक्रार घ्या. असं चार वेळा झालं. दर वेळी दिवस पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात. कंपनीच्या कागदावर माझी कुठलीच तक्रार दोन दिवसांच्या पुढे गेली नाही. माझ्या घरात मात्र १७ दिवस नेट नव्हतं.

कॉल सेंटर हिंदीत बोलतं. मला हिंदी येते, पण शेजारच्या काकींना धड येत नाही. त्यांची जोडणी त्याच फांदीने तुटली होती. "गडग्यावरून तार गेली आहे" हे त्यांनी तीनदा सांगितलं, पलीकडच्या मुलीला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कळेना. शेवटी त्यांची तक्रारही मीच नोंदवली. खेड्यात सेवा विकायची तर फोनवर मराठी बोलणारं माणूस ठेवलंच पाहिजे, यात मला दुसरं काही ऐकायचं नाही.

११ जूनला जीएसटीआर-१ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची, मुदत. मोबाइलला विहिरीजवळ एखादी कांडी रेंज येते, त्यावर पोर्टल चालत नाही. तीन दिवस पावसातून स्कूटरने कुडाळला एका मित्राच्या ऑफिसात जाऊन कामं उरकली. रिटर्न उशिरा गेला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं आणि ते माझ्या चुकीने माझ्या गिऱ्हाइकाच्या माथी बसतं. हे मला सहन होत नाही.

१२ जूनला दुरुस्ती झाली. आलेल्या मुलाचा मला अजिबात राग नाही. दोन तालुक्यांत मिळून सांधे जोडायचं यंत्र एकच, त्याला दिवसाला दहा ठिकाणी जायचं असतं, पगार तुटपुंजा. पडवीत मांडी घालून बसला, केसासारखी काच सोलून पुसली, यंत्रात ठेवली आणि अर्ध्या मिनिटात जोड लागला. मग केबलमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मीटर लावून दाखवली: आधी घरात उणे १९ येत होतं, आता उणे २४. आकडा जितका खाली, तितका प्रकाश कमी. उणे २७ च्या आसपास गेलं की लाल दिवा लागतो, म्हणजे आणखी एक-दोन वाईट जोड झाले की संपलं. पूर्ण केबल बदलायला हवी, असं त्यानेच सांगितलं. ती कोण बदलणार? फ्रँचायझीवाला म्हणतो कंपनी, कंपनी म्हणते फ्रँचायझी.

त्याच दिवशी एक गोष्ट हाताला लागली. केबलच्या काळ्या सालीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. पडवीतल्या टोकावर १५४१ होता. मुलगा पेटीकडे चढला तेव्हा तिथला आकडा वाचायला सांगितला, ११६२. केबल एकच, मध्ये काही तुकडा घातलेला नाही. म्हणजे ३७९ मीटर, आणि माझ्याकडून पैसे घेतले ४३० चे. ५१ मीटरचे ७१४ रुपये जास्त. जोडणी घेताना दोन्ही टोकांचे आकडे फोटो काढून ठेवा, पैसे त्यानंतरच द्या.

तक्रारीचं म्हणाल तर ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, लिहून उपयोग नाही, ते वैयक्तिक तक्रारी हाताळत नाहीत. पण ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीत कॉल सेंटरच्या वर अपील प्राधिकारी असतो. तक्रारीचा नंबर लावून ३० दिवसांच्या आत अपील करायचं, त्यांनी ३९ दिवसांत निकाली काढायचं. फी नाही. मी चारही नंबर, त्या बंद केल्याचे एसएमएस आणि चिखलातल्या केबलचे फोटो जोडून ईमेल केला. नवव्या दिवशी फोन आला, तोही मराठीत! १७ दिवस वैधता वाढवून मिळाली. १०,१२० रुपयांबद्दल मात्र उत्तर एकच: तो व्यवहार कंपनीचा नाही. त्यासाठी आता ग्राहक आयोगाकडे जायची तयारी करतोय. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तोवर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे.

गणपतीत, २७ ऑगस्टपासून, चाकरमानी आले आणि संध्याकाळी वेग ६-७ वर घसरला. घराघरांत आठ-दहा फोन जास्त, मागची लाइन तेवढीच. ते मी समजून घेतलं, पाच दिवसांचा प्रश्न होता.

जास्त सलतं ते वेगळंच. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची पेटी आहे. ही योजना २०११ साली मंजूर झाली, देशातल्या जवळपास अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची. आमच्या पेटीवरचा दिवा मी कधी पेटलेला पाहिला नाही. ग्रामसभेत दोनदा विषय मांडला, या वेळी लेखी दिलाय.

मुदत संपली तेव्हा सहा महिन्यांचे भरले नाहीत, आता महिन्याचे महिन्याला भरतो. ७०७ रुपये जातात, पण पैसा आपल्या हातात राहतो. शेजारच्या काकी आणि मी मिळून पुढच्या पावसाआधी केबल झाडांवरून काढून गडग्याच्या कडेने पाइपातून न्यायचं ठरवतोय. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली भागात कोणाला ओएनटीचे पैसे परत मिळाले असतील, किंवा वरच्या मीटरचं कंपनीच्या नावाचं बिल मिळालं असेल, तर कसं मिळालं ते जरूर कळवा. आयोगाकडे जाताना ते कागद जोडायचे आहेत.