रिकामी पुंगळी: .२२ की .३२?

वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर सराव संपला की पायाशी .२२च्या (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा सडा. नवखा हमखास विचारतो, ‘या पुन्हा भरता येतील का हो?’ नाही. .२२मध्ये पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. बंदुकीची पिन आदळली की ती कड चेपते, खेळ खलास. .३२ पिस्तुलाच्या पुंगळीत मात्र बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर, म्हणजे पेटणाऱ्या मसाल्याची छोटी टोपी, बसवलेला असतो, तो काढून नवा घालता येतो. म्हणूनच अमेरिकेतले हौशी असल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायला वेचतात. तडा गेलेल्या बाजूला काढतात, बाकीच्या डायमधून (मापाच्या साच्यातून) मापात आणतात.

पुंगळी पुन्हा भरणं शिकायला .३२च रंजक, पण वाचूनच. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि काडतुसाचे भागही त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. तेव्हा पुंगळ्या रेंजवरच जमा करा, खिशात नकोत.