मोटोरोला ६८००८ : उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

घरी सिंगल बोर्ड कॉम्प्युटर (सगळा एकाच बोर्डावर) बनवायचाय आणि मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर घेऊ की त्याचाच धाकटा भाऊ ६८००८ असं ज्यांचं चाललंय त्यांना सरळ सांगतो, ६८००८ घ्या. लोक उगाच नाक मुरडतात, अहो कमी केलंय ते फक्त बाहेरचं, आत तेच ३२ बिटचे रजिस्टर, तोच इन्स्ट्रक्शन सेट. डेटा बस, म्हणजे मेमरीतून डेटा ने-आण करणाऱ्या तारा, १६ ऐवजी ८ बिट आणि पत्ता सांगणाऱ्या अ‍ॅड्रेस लाइनी २०, म्हणजे १ एमबी मेमरी. १९८४ च्या सिंक्लेअर क्यूएल या घरगुती कॉम्प्युटरमध्ये हाच होता, ७.५ मेगाहर्ट्झवर.

हाताने सोल्डर करणाऱ्याला हे वरदान आहे. ६८००० ला रॉम-रॅम जोडीनं लागतात, एक सम पत्त्यांना एक विषम, इथं एक ईप्रॉम (रॉम) आणि एक एसरॅम (रॅम), बास. शिवाय ६४ पिनचं ते जाडजूड सॉकेट शोधत इंदुरात जेल रोडवर फिरायला नको, हा ४८ पिनचा, २४ पिनची दोन रुंद सॉकेटं एकापुढे एक लावली की काम झालं.

स्पीड कमी आहे, हे खरंय. एक बाइट आणायला चार क्लॉक (घड्याळाचे ठोके), आणि छोट्यात छोटी इन्स्ट्रक्शन दोन बाइटची, म्हणजे नुसतं आणण्यातच आठ गेले, त्यामुळे मेमरी कॉपी वगैरे निम्म्यावर येतं. पण गुणाकाराला आतल्या आतच ७० पर्यंत क्लॉक लागतात, तिथं फरक जाणवत नाही. आणि बस ८ बिटची असली तरी विषम पत्त्यावरून वर्ड (दोन बाइट एकदम) वाचलात तर अ‍ॅड्रेस एरर येतोच, मला हे आवडलं, कारण इथं चाललेला प्रोग्राम पुढे ६८००० वर तसाच चालतो. इंटरप्टच्या, म्हणजे बाहेरच्या उपकरणानं प्रोसेसरला मधेच हाक मारण्याच्या, लेव्हल मात्र २, ५ आणि ७ एवढ्याच, माझं टायमर आणि सिरियल पोर्टवर मजेत भागतंय. मे महिन्यात चिप चांगली तापायची पण अडली कधीच नाही.

ऑनलाइन मिळतात त्या बऱ्याचदा जुन्या बोर्डावरून काढलेल्या असतात, माझ्याकडे एक मेलेली आली होती, बदलून मिळाली. म्हणून आल्याबरोबर तपासा : आठही डेटा लाइनी रेझिस्टरमधून ग्राउंडला, डीटॅक (डेटा तयार आहे असं सांगणारी पिन) ग्राउंडला, बाकीच्या कंट्रोल इनपुटना पुल-अप (रेझिस्टरमधून ५ व्होल्टला), आणि चालू करताना रिसेट-हॉल्ट या दोन्ही पिना थोडा वेळ ग्राउंडला. सगळे शून्यच वाचले जातात, त्याची निरुपद्रवी इन्स्ट्रक्शन होते आणि प्रोसेसर पत्ते मोजत सुटतो. ८ मेगाहर्ट्झला ए१९ वरचा (सगळ्यात वरच्या अ‍ॅड्रेस लाइनीवरचा) एलईडी सेकंदाला साधारण दोनदा लुकलुकायला हवा. नाही लुकलुकला तर जोडण्या परत बघा, आणि त्या बरोबर असतील तर चिप सरळ परत पाठवा.