यूट्यूबचे ‘ब्लॉक्ड वर्ड्स’: शिवी अडते, ‘हे लोक असलेच’ निसटतं

मिसळीच्या व्हिडिओखाली तिसऱ्या कमेंटला पुणं विरुद्ध कोल्हापूर सुरू होतं. दहाव्या कमेंटपर्यंत तर्री राहते बाजूला आणि कोण खडूस, कोण आडदांड, कोण उपरा याचा निवाडा चालू असतो. अशा वेळी मराठी चॅनेलच्या हाताशी असलेलं फुकटातलं हत्यार म्हणजे यूट्यूब स्टुडिओतली (चॅनेल सांभाळायच्या पानावरची) ब्लॉक्ड वर्ड्सची, म्हणजे अडवायच्या शब्दांची यादी. पाचपैकी तीन तारे.

सेटिंग्जमध्ये कम्युनिटीत जायचं, शब्द स्वल्पविराम देऊन टाकायचे आणि सेव्ह करायचं. त्या शब्दांच्या कमेंटी लगेच दिसत नाहीत. तपासणीसाठी 60 दिवसांपर्यंत अडकून राहतात. इथवर उत्तम.

पुढे आपली भाषा आडवी येते. यादीत ‘भय्या’ टाकला, पण भांडणात तो शब्द क्वचितच तसा येतो. येतात ते भय्ये, भय्यांना, भय्यांनी, भय्यांमुळे. शिवाय भैया, भैय्या. रोमन लिपीत तर कुणी एक वाय लिहितो, कुणी दोन. जवळपास जुळणारे शब्दही धरतो, असं यूट्यूब सांगतं. विभक्तीच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. एका शब्दामागे मूळ रूप, अनेकवचन, चार-पाच विभक्त्या आणि रोमनचे तीन-चार अवतार, म्हणजे डझनभर नोंदी हाताने भराव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

उलटा त्रासही आहे. ‘घाटी’ हा हिणवायचा शब्द म्हणून अडवला, तर ‘घाटी मसाला कुठला वापरला?’ विचारणारी ताईही अडकते. ‘भट’ अडवला तर ते आडनाव लिहिणारा प्रत्येक जण. म्हणून एकटा शब्द न घालता जोडी घालावी: ‘साले घाटी’, ‘घाटी लोक’. पकड थोडी ढिली होते, पण पाहुणे दारात उभे राहत नाहीत.

खरा तोटा वेगळाच. ‘हे लोक कुठेही गेले तरी असलेच’ या वाक्यात अडवण्याजोगा एकही शब्द नाही, आणि सगळ्यात जास्त आग तेच लावतं. ‘तेव्हा कुठे होतात?’ आणि ‘खरा मराठी माणूस असं बोलणारच नाही’ यांचंही तेच. पहिलं मुद्दा टाळतं. दुसऱ्यात तर कितीही उदाहरणं दाखवा, ती ‘खरी’ नसतातच! ‘हे लोक’ अडवून बघाल तर निम्म्या साध्या कमेंटी अडकतील.

इथे पिन, म्हणजे एखादी कमेंट सगळ्यांच्या वर चिकटवून ठेवायची सोय, कामाला येते. एकच कमेंट पिन करता येते, म्हणून तिथे आभार-बिभार नकोत. नेमका प्रश्न टाकावा: ‘तुमच्याकडे कट कशाचा करतात, खोबरं भाजून की कच्चं?’ उत्तर द्यायला गावाचं नाव आणि कृती लागते, ‘ते लोक’ लागत नाहीत. तरीही तेच तेच उकरणाऱ्याला चॅनेलवरून ‘हाइड’ करावं, म्हणजे त्याच्या कमेंटी इतरांना दिसत नाहीत. त्याला तसं कळवलं जात नाही, त्यामुळे ‘मला का काढलं’चा नवा धागा निघत नाही.

यादी महिन्यातून एकदा चाळावी, आणि निवडणूक लागली की आठवड्याला.