बोया बीवाय-एम१ कॉलर माइक: शाळेच्या व्हिडिओ वर्गासाठी पहिली खरेदी

आठवी ते दहावीच्या मुलांना व्हिडिओ शिकवायचं ठरलं की शाळेत पहिली चौकशी होते कॅमेऱ्याची. खरं तर फोनचा कॅमेरा मुलांना वर्षभर पुरतो. पुरत नाही तो फोनचा माइक. अडीच मीटरवर उभ्या मुलीच्या आवाजाआधी त्यात पंख्याची घरघर आणि शेजारच्या वर्गातली कविता भरते. म्हणून हजाराच्या आसपास मिळणारा हा वायरचा माइक आधी घ्यावा.

वायर सहा मीटर लांब आहे आणि मध्ये एक छोटी डबी आहे. मुलं चुकतात ती या डबीवरच्या बटणापाशी. फोनला जोडताना बटण ‘ऑफ/स्मार्टफोन’कडे हवं, तेव्हा माइकला वीज फोनच देतो. कॅमेऱ्याला जोडताना ते ‘कॅमेरा’कडे करायचं, तेव्हा डबीतला एलआर४४ सेल लागतो. काम संपल्यावर बटण मागे घेतलं नाही तर सेल उतरतो आणि पुढच्या तासिकेला माइक मुका. जास्तीचे दोन सेल कपाटात ठेवाच.

आता खरी अडचण. बऱ्याच नव्या फोनना हा माइक लावायचं ३.५ मिमीचं हेडफोनचं भोकच नाही. टाइप-सीचं कनेक्टर घ्यावं लागतं आणि काही स्वस्त कनेक्टर फक्त हेडफोन चालवतात, माइक नाही. दुकानातच लावून बघा. रेकॉर्डिंग चालू करा, माइकच्या जाळीवर नखाने हलकं खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा. मोठा आवाज जाळीचा आला तर माइक लागला. कडेचा आला तर फोन स्वतःचाच माइक वापरतोय. कनेक्टर ठीक असूनही असं झालं तर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत ॲप घ्या आणि व्हिडिओ सेटिंग्जमध्ये ऑडिओ सोर्स बाहेरच्या माइकवर करा. रेकॉर्डिंगआधी फोन फ्लाइट मोडवर.

माइक हनुवटीखाली वीतभर लावायचा. युनिफॉर्मच्या टायखाली किंवा ओढणीखाली लपवला की कापड घासून खर्रखर्र येते आणि ती एडिटिंगमध्ये निघत नाही. क्लिपजवळ वायरचा एक छोटा वेढा घेऊन तोही क्लिपमध्येच अडकवा, म्हणजे वायरीला बसलेला हिसका माइकपर्यंत पोचत नाही. हा माइक सगळ्या बाजूंनी ऐकतो, त्यामुळे दोघांच्या मुलाखतीत एकच माइक मधे धरला तरी चालतं. पण त्याच कारणाने पंखाही ऐकू येतो. पंखा बंदच करावा लागेल.

चालत बोलायचं असेल तर सहा मीटर वायर पायात येते. त्याला सोपा उपाय आहे: माइक दुसऱ्या फोनला जोडायचा, त्यावर व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून फोन खिशात ठेवायचा आणि कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. एडिटिंगमध्ये दोन्ही आवाजांतल्या टाळीची टोकं जुळवली की ओठ आणि शब्द जुळतात. लांबलचक शॉटमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे सरकतो, म्हणून पाच मिनिटांपेक्षा मोठा शॉट नको. हे जुळवणं मुलांनी हाताने केलं पाहिजे. वायरलेस माइक आला की ही शिकवणीच बुडते, शिवाय त्याच्या चार्जिंगची भर पडते.

एक उणीव मनाला लागते: फोनचं एकुलतं भोक माइकने अडवलं की शूटिंग चालू असताना हेडफोनवर ऐकता येत नाही. प्रत्येक शॉटनंतर माइक काढून, हेडफोन लावून पहिले दहा सेकंद ऐकायचे, हे काम गटातल्या एकाला नेमूनच द्या.

पाच मुलांच्या गटाला एक, म्हणजे तीस मुलांना सहा माइक. माइकवर बसवायच्या स्पंजच्या टोप्या मात्र डझनभर घ्या. पहिल्या महिन्यात निम्म्या हरवतात.