दिवसभराच्या अवघड जिओकॅशिंग भटकंतीचे नियोजन: बटणांचा जीपीएस, पॉकेट क्वेरी आणि वेळेचा हिशेब (अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव)

जिओकॅशिंग म्हणजे इतरांनी लपवलेल्या डब्या जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याचा छंद. शहरातल्या बागेत संध्याकाळी अशा एक-दोन डब्या शोधायच्या असतील, तर हातातला मोबाइल पुरेसा आहे आणि त्यासाठी वेगळे उपकरण घ्यावे असे मी कोणालाही सुचवणार नाही. हा अनुभव या छंदाच्या दुसऱ्या टोकाचा आहे: सकाळच्या गाडीने निघायचे, कड्याच्या धारेने वीसेक किलोमीटर चालायचे, वाटेत दहाएक डब्या शोधायच्या आणि अंधार पडण्यापूर्वी दुसऱ्याच स्थानकावर उतरायचे. श्टुटगार्टच्या दक्षिणेला असलेल्या श्वेबिश आल्ब या डोंगराळ भागात असे दिवस आखण्यासाठी मी तीन गोष्टी एकत्र वापरतो. दोन एए सेलवर चालणारा बटणांचा जीपीएस, जिओकॅशिंग डॉट कॉमवरची पॉकेट क्वेरी (म्हणजे निवडलेल्या डब्यांची एकत्र उतरवून घेता येणारी यादी) आणि जर्मनीच्या डीआयएन ३३४६६ या मानकातले चालण्याच्या वेळेचे गणित. वसंत ऋतूपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत ही जोडणी वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्याच्यावर एक पैसाही खर्च होत नाही ते तिसरे साधनच या तिघांत सर्वांत मोलाचे आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळली जाणारी त्रुटी अमेरिकेने २ मे २००० रोजी बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ सुरू झाला. आज प्रत्येक डबीला दोन श्रेणी दिलेल्या असतात: शोधण्याची काठिण्यपातळी आणि तिथवर पोहोचण्याच्या वाटेची खडतरता. दोन्ही श्रेणी १ पासून ५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीने चढत जातात. वाटेची श्रेणी ५ असेल तर दोर, होडी किंवा तशाच खास साधनांची गरज असते, आणि ते काम स्वतंत्र तयारीचे असल्यामुळे मी ते या नियोजनात धरत नाही. माझा सारा भर ३ ते ४.५ या पट्ट्यावर असतो.

या पट्ट्यासाठी आल्बइतकी योग्य जागा मला दुसरी माहीत नाही. ज्युरासिक काळातल्या चुनखडीचे हे पठार वायव्येकडे एकदम तुटते आणि त्या तुटलेल्या कडेखाली बीच या पानझडी वृक्षाच्या जंगलाचा तीव्र उतार सुरू होतो. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला कडा आणि पठार हे नाते समजावून सांगावे लागत नाही. येथे नियोजनातला खरा प्रश्न उभा राहतो, कारण उपकरण अंतर सरळ रेषेत मोजते. ‘८० मीटर’ असे दिसत असताना डबी तुमच्या पायाखालच्या कड्याच्या तळाशी असू शकते, आणि तिथे पोहोचण्यासाठी दोन किलोमीटरचा वळसा आणि दीडशे मीटरची उतरण पुन्हा चढून येण्याची तयारी लागते. म्हणून आदल्या रात्री प्रत्येक डबीपुढे मी पहिली नोंद करतो ती एवढीच: कड्याच्या वर की खाली. समोच्च रेषा असलेला नकाशा उघडून हे ठरवायला डबीमागे एखादे मिनिट पुरते, आणि त्या मिनिटाने डोंगरातले तास वाचतात.

आता पॉकेट क्वेरीकडे वळतो. ही सोय सशुल्क सदस्यत्वात मिळते. एका क्वेरीत जास्तीत जास्त १००० डब्यांची माहिती जीपीएक्स फाइलच्या (जीपीएस उपकरणाला वाचता येणाऱ्या फाइलच्या) रूपाने हाती येते आणि तिच्यात वर्णन, सूचना, गुणचिन्हे (डबीची वैशिष्ट्ये दाखवणारी चिन्हे) व अलीकडच्या शोधकांच्या नोंदी असतात. वाहनतळ किंवा वाटेची सुरुवात अशी जोडठिकाणे वेगळ्या फाइलमध्ये येतात. ती दुसरी फाइल अनेक जण उपकरणात टाकतच नाहीत, पण दिवसभराच्या चालीत तीच जास्त उपयोगी पडते, कारण डबी लपवणाऱ्याने कोणत्या बाजूने यावे असे सुचवले आहे ते तिच्यावरून कळते. क्वेरी एखाद्या बिंदूभोवतीच्या वर्तुळात घेण्यापेक्षा आखलेल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. वर्तुळ घेतले की शेजारच्या दरीतल्या शंभर डब्या विनाकारण पडद्यावर येतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे एवढाच नियम असल्यामुळे लोकप्रिय वाटांवर ही गर्दी खरोखरच फार होते.

यानंतरची छाननी यंत्रावर सोपवू नये. मी अलीकडच्या नोंदी वाचतो आणि लागोपाठ तीन जणांना डबी मिळाली नसेल तर ती यादीतून काढतो. कोड्यांच्या डब्या, ज्यांची खरी जागा कोडे सोडवल्यावरच कळते, घरीच सोडवून त्यांचे सुधारित अक्षांश-रेखांश भरून ठेवतो. अनेक टप्प्यांच्या डब्या जर्मनीत विपुल आहेत आणि त्यांपैकी काही स्वतःच पूर्ण दिवस मागतात. अशी डबी घ्यायची असेल तर तो दिवस तिचाच धरावा आणि वाटेतल्या इतर डब्यांचा मोह सोडावा. भूशास्त्राच्या अर्थकॅश मात्र मी आवर्जून ठेवतो. त्यात डबी नसते, जागेवर निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात, आणि चुनखडीच्या या प्रदेशात दगड वाचायला शिकवणारा दुसरा इतका चांगला मार्ग नाही.

वेळेच्या गणिताबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. डीआयएन ३३४६६ नुसार सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढण तासाला ३०० मीटर आणि उतरण तासाला ५०० मीटर धरतात. आडव्या अंतराचा वेळ आणि चढ-उताराचा वेळ वेगवेगळा काढायचा, आणि मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा निम्मा भाग मिळवायचा. माझ्या आवडत्या मार्गाचे उदाहरण घेऊ. नॉयफेनच्या स्थानकावरून ७४३ मीटर उंचीवरच्या होएननॉयफेन या किल्ल्याच्या अवशेषांवर चढायचे, पठाराच्या कडेने चालत बाड उराखला उतरायचे, पुन्हा होएनुराखच्या पडक्या किल्ल्यावर जायचे आणि ३७ मीटर उंचीचा उराखचा धबधबा पाहून त्याच नावाच्या रेल्वे थांब्यावर यायचे. वळसे धरून २० किलोमीटर, ७०० मीटर चढ आणि तेवढाच उतार असे धरले तर आडवा वेळ ५ तास होतो. चढाला २ तास २० मिनिटे आणि उताराला १ तास २४ मिनिटे, म्हणजे एकूण ३ तास ४४ मिनिटे. त्याचा निम्मा भाग मिळवल्यावर चालण्याचा वेळ ६ तास ५२ मिनिटे येतो.

जिओकॅशिंग करणाऱ्याचा हिशेब इथे संपत नाही, खरे तर इथूनच सुरू होतो. दहा डब्यांना सरासरी बारा मिनिटे दिली तरी दोन तास वाढतात, खाणे आणि विश्रांती पाऊण तास, म्हणजे दिवस साडेनऊ तासांच्या पुढे जातो. सकाळी आठला चालायला लागले तर संध्याकाळचे साडेपाच वाजून जातील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या भागात सूर्य पावणेसातनंतर मावळतो, तेव्हा हा बेत जमतो. ऑक्टोबरअखेर घड्याळे एक तास मागे घेतल्यानंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तो पाचच्या सुमारासच मावळतो आणि तोच बेत धोकादायक ठरतो. डब्या त्याच, वाट तीच, फक्त महिना वेगळा. हे कागदावर मांडल्याशिवाय मनाला पटत नाही.

म्हणून प्रत्येक डबीसमोर मी मिनिटांची मर्यादा लिहितो. शोधण्याची काठिण्यपातळी १.५ किंवा २ असेल तर दहा मिनिटे, ३ असेल तर वीस, आणि ४ किंवा त्याहून अवघड डबी दिवसात एकच, तीही दुपारच्या आधी. मर्यादा संपली की न सापडल्याची नोंद करून पुढे निघायचे. हा नियम कठोर वाटतो, परंतु पाचवी डबी मिळेना म्हणून तिच्यापाशी तासभर थांबणारा माणूस खरे तर नवव्या आणि दहाव्या डबीचा उजेड खर्च करत असतो. शिवाय मार्ग असा निवडावा की दोन तृतीयांश अंतरावर तो सोडता येईल. वरच्या मार्गात बाड उराखचे स्थानक हेच काम करते: तिथे ठरलेल्या वेळेनंतर पोहोचलो तर होएनुराखचा चढ त्या दिवशी नाही. हा निर्णय आदल्या रात्री घेतलेला असावा, कारण दमलेल्या माणसाचे मन हट्टी असते.

उपकरणाविषयी माझे मत चांगले आहे, पण बिनशर्त नाही. बटणे हातमोजे घालूनही चालतात, पावसाच्या थेंबांनी पडदा भरकटत नाही आणि भर उन्हात पडदा अधिकच स्पष्ट दिसतो. एल१ आणि एल५ अशा दोन वारंवारतांवर संकेत घेणारा संच कड्यांच्या पायथ्याशी फायद्याचा ठरतो, कारण खडकावरून परावर्तित होऊन आलेले संकेत ओळखणे त्याला सोपे जाते. तरीही अपेक्षा मर्यादित ठेवावी. अक्षांश-रेखांशात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १.८५ मीटर आणि या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे १.२ मीटर. आकडे इतके बारीक दिसले तरी लपवणाऱ्याच्या मोजणीची चूक आणि आपल्या मोजणीची चूक एकत्र येतात. दहा मीटरच्या आत आल्यावर पडद्याकडे न पाहता मुळे, कपारी आणि अस्वाभाविकपणे रचलेले दगड पाहावेत.

उणिवा स्पष्टच सांगतो. समोच्च रेषांचा सविस्तर नकाशा आणि पूर्ण भरलेली क्वेरी एकदम असली की पडदा सरकायला उशीर लागतो, म्हणून मी मार्गावरच्या निवडक डब्याच ठेवतो. लांबलचक वर्णन छोट्या पडद्यावर वाचणे कष्टाचे आहे. बॅरोमीटरवर चालणारा उंचीमापक हवामान बदलले की घसरतो आणि उंची माहीत असलेल्या ठिकाणी तो पुन्हा जुळवावा लागतो. पुनर्भारित निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये तसे नमूद करावे, नाहीतर १.२ व्होल्टच्या सेलला उपकरण १.५ व्होल्टचा समजते आणि उरलेल्या शक्तीचा अंदाज चुकीचा दाखवते. कडाक्याच्या थंडीत साध्या अल्कलाइन सेलपेक्षा लिथियम सेल बरेच टिकतात.

नकाशे मी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले, विनामूल्य मिळणारे वापरतो. त्यात पायवाटेची अवघडता आणि ती जमिनीवर किती स्पष्ट दिसते या दोन्ही गोष्टी स्वयंसेवकांनी नोंदवलेल्या असतात, आणि ज्या वाटेवर अशी नोंद नाही तिला मी माझ्या हिशेबात अवघड धरतो. मोबाइलवर सीजिओ हे मुक्तस्रोत ॲप, तीच यादी आधीच उतरवून ठेवलेली, आणि पिशवीत कागदी नकाशा, असा दुहेरी आधार असतो. जंगलातल्या फलकांवर लिहिलेले बचावबिंदूंचे क्रमांकही मी वाटेवर टिपून ठेवतो, कारण ११२ वर फोन केल्यावर आपण कुठे आहोत हे सर्वांत लवकर त्यांच्यावरूनच सांगता येते.

ऋतू आणि कायदा हे नियोजनाचे अंग आहे. वटवाघळे हिवाळा काढतात अशा गुहांमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात जाण्यास जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्याने मनाई आहे, तेव्हा गुहेतल्या डब्या त्या सहा महिन्यांत माझ्या यादीत येतच नाहीत. आल्बचा काही भाग २००९ पासून युनेस्कोचे जीवावरण क्षेत्र आहे आणि त्याच्या गाभ्याच्या भागात वाट सोडता येत नाही. कड्यांवर शिकारी पक्षी घरटी करतात त्या काळात लावलेले फलकही पाळलेच पाहिजेत. एका डबीसाठी पिल्ले उघडी पडावीत इतकी कोणतीही डबी मौल्यवान नाही. वाट सोडून झुडपांत शिरायचे असल्यास गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस आधी घ्यावी, कारण आल्ब ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गचा बहुतेक सर्व भाग त्या रोगाच्या जोखीमक्षेत्रात मोडतो.

सुट्टीत महाराष्ट्रात येताना हे साहित्य बरोबर आणणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. उपग्रहाकडून फक्त संकेत घेणारा साधा जीपीएस आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्या प्रकारचे उपकरण भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे आणि त्यासाठी विमानतळांवर परदेशी प्रवाशांना अटकही झालेली आहे. नवे उपकरण निवडताना संदेश पाठवणारे मॉडेल घेण्याचा विचार असेल आणि तेच राजगड-तोरण्याच्या वाटेवर नेण्याची इच्छा असेल, तर साधे मॉडेल घ्यावे.