पडवीच्या सांध्याला सिमेंटचा वाटा की पत्रा?

आमच्या पडवीत पाणी ठिबकायचं ते झोपाळ्याच्या कडीपाशी, भिंतीपासून चांगलं तीन फूट लांब. साहजिकच आम्ही तिथली कौलं बदलली, तीही दोनदा. खरी फट निघाली पडवीचं छप्पर मुख्य भिंतीला टेकतं तिथे. तो सांधा बुजवायला कोपऱ्यात मारलेल्या सिमेंटच्या तिरक्या पट्टीत, म्हणजे वाट्यात, केसाएवढी चीर होती. पाणी तिथून शिरून वाशाच्या पोटाने ओघळत यायचं आणि गाठ लागली की खाली पडायचं.

हा सांधा कसा झाकावा, यावर गुहागरकडच्या आमच्या घरी दोन्ही उपाय करून झाले आहेत. नऊ पावसाळे वाटा होता, गेले सहा पावसाळे पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे सांध्यावर वाकवून बसवलेली पट्टी आहे.

वाट्याला मी नावं ठेवणार नाही. कोणताही गवंडी तो अर्ध्या दिवसात मारून देतो, खर्च किरकोळ, आणि पहिले दोन पावसाळे आमच्याकडे एक थेंब आला नाही. पण वासे-रिपा पावसात फुगतात, एप्रिलच्या उन्हात आक्रसतात. भिंत जागची हलत नाही. मधलं कडक सिमेंट मग एका बाजूने सुटतंच.

चीर पडते याचंही मला एवढं वाटलं नसतं. जीव नकोसा झाला तो दुरुस्तीने. दर मे महिन्यात चीर भरायला माणूस छपरावर चढणार आणि कितीही जपून पाय टाकला तरी चार-पाच कौलं फुटणार. आमची कौलं आजोबांच्या वेळची. हल्लीच्या कौलांची खाच त्यांच्यात नीट बसत नाही. म्हणजे एक गळती बुजवायची आणि दोन नव्या करून ठेवायच्या. चौथ्या खेपेला फुटलेली कौलं अंगणात रचून ठेवली, तेव्हाच वाटा काढायचं ठरवलं.

पत्रा इंग्रजी एल अक्षरासारखा वाकवतात. आमच्याकडे सहा इंच भिंतीवर चढवला आहे आणि सहा इंच कौलांवर उतरवला आहे. सगळी मेख वरच्या कडेत आहे. भिंतीत इंचभर खोल खाच मारून कड आत वळवायची आणि वर सीलंट भरायचं. शेजारी एकांनी पत्रा भिंतीला नुसता टेकवून कडेला सिलिकॉन लावलं होतं. दुसऱ्याच वर्षी भिंतीवरून ओघळणारं पाणी त्याच्या मागे शिरलं. खालची कड मात्र मोकळी हवी. आम्ही मऊ अॅल्युमिनियम घेऊन ती कौलांच्या नाळीत लाकडी मोगरीने हलकेच बसवली, सिमेंटने जखडली नाही. तीन मीटरची पट्टी तापमान तीस अंशांनी वाढलं की सुमारे दोन मिलिमीटर लांबते. म्हणून तुकडे छोटे ठेवले आणि एकमेकांवर चार इंच चढवले. छपरावरची लाकडं हलतात, पत्रा कौलांवर सरकतो, पण सांधा झाकलेलाच राहतो.

पत्र्यालाही दुखणी आहेत. खर्च आमच्याकडे वाट्याच्या चौपट आला. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा खाऱ्या वाऱ्यात गंजतो आणि अॅल्युमिनियमला ओलं सिमेंट खातं, म्हणून खाचेत जाणाऱ्या कडेला डांबरी रंग लावावा लागतो. आणि वरच्या भिंतीचा जांभा उघडा असेल तर पाणी दगडातूनच झिरपून पत्र्याच्या मागे उतरेल. अशा भिंतीला आधी गिलावा करा, नाहीतर पत्र्याचे पैसे वाया जातील.

चिकटवायची डांबरी पट्टीही मिळते. लोखंडी पत्र्यांच्या शेडवर ती बरी, शेवाळलेल्या कौलांना ती धरत नाही.

दोन-तीन वर्षांत सगळं छप्परच उतरवणार असाल तर वाटा मारून वेळ निभावेल, एवढ्यासाठी पत्र्याचा खर्च कदाचित नको. पण जुनी कौलं जपायची असतील तर मी तरी पत्राच सांगेन. या सहा वर्षांत आमच्या पडवीवर कुणाला चढावं लागलेलं नाही.

खाचेचं काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. वळवाने भिंत भिजली तर सीलंट नीट धरत नाही.